अंबरनाथच्या डब्यातली मूठ

निघायच्या दिवशी सकाळी सुमनने माझ्या पिशवीत दोन सदरे, टॉवेल, बायबल, खोकल्याची बाटली आणि सगळ्यात वर एक छोटं पांढरं फडकं ठेवलं. फडक्याला गाठ होती आणि गाठीत मूठभर गव्हाचं पीठ. अंबरनाथच्या रूथबाईंनी पत्रात तशी सूचनाच केली होती. येताना आपल्या घरचं मूठभर गव्हाचं पीठ आणावं, आमच्याकडे तशी रीत आहे, बाकी आल्यावर सांगेन. आमच्या नगर भागात रोजची भाकरी ज्वारीची, त्यामुळे सुमनला गहू निवडून मुद्दाम दळून आणावे लागले होते.

"वसंतभाऊजींकडे जाणार ना?" गाठ आवळताना तिने विचारलं.

वसंत माझा धाकटा भाऊ. बदलापुरात राहतो. वेळ मिळाला तर जाईन, असं मी म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. पंचवीस वर्षं चर्चच्या पाळकाची बायको म्हणून काढल्यावर माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यातली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कारखान्यांच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं जाऊन राहिली आहेत. तेव्हा त्यांना स्वतःचा पाळक नव्हता. तीन-चार महिन्यांनी इकडून कुणीतरी जायचं, घरं फिरायची, रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, द्यायचं आणि परत यायचं. त्या वेळी माझी पाळी होती. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. मी थकलो होतो, शरीराने कमी आणि आतून जास्त. लग्नं लावत होतो, मयती उरकत होतो, दर रविवारी उभा राहून अंतःकरणाची राखण कशी करावी हे लोकांना समजावत होतो. पहाटेची माझी स्वतःची प्रार्थनाही सुटलेली नव्हती. पण तोंड प्रार्थना करायचं आणि मन केव्हाच चप्पल घालून बाहेर पडलेलं असायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण असं काही झालं की लोक ते सांगायला माझ्याकडेच येत.

कल्याणची एसटी माळशेज घाट उतरून खाली आली आणि टोकावड्याच्या अलीकडे तिचं टायर बसलं. तासभर रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. बसल्याबसल्या पिशवीत हात घातला तर बोटं चिकट झाली. खोकल्याची बाटली फुटली होती. दोन्ही सदरे लाल झाले होते, बायबलची एक कड भिजली होती. मी आधी काय पाहिलं असेल, तर फडकं. ते कोरडं होतं. बायबलच्या आधी पिठाकडे पाहिलं म्हणून मला स्वतःचाच राग आला आणि पुढचा सगळा रस्ता मी त्या रागातच काढला.

शहाडला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. कारखान्याचा सडक्या अंड्यासारखा वास नाकात भरला. तिथल्या माणसांना तो येत नाही, असं पुढे कळलं. मला उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात शमुवेलभाऊंकडे जायचं होतं. शमुवेलभाऊ आपल्या राहुरीकडचे. साठी उलटलेली, छातीचं दुखणं, आणि तरीही एका सिंधी शेठच्या कपड्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर. पत्ता विचारत दुकानाशी पोचलो तर ते माल पोचवायला गेलेले. शेठ गल्ल्यावर होते. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. सिंधी घरात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत.

"साईं, पहिले पापड खाओ," ते म्हणाले. (साईं म्हणजे आपल्याकडचं 'साहेब', पण जरा मायेचं.) मग मी कोण, काय काम करतो, ते विचारलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्या लोकांच्या घरी जातो, प्रार्थना करतो, त्यांच्या मनाची काळजी घेतो.

शेठ माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लाल डागांच्या सदऱ्याकडे पाहत राहिले. "बडा काम है," ते म्हणाले. "बहुत थके हुए लगते हो, साईं."

मी प्रवासाचं कारण सांगितलं, पंक्चरचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि अजून एक पापड मागवला. ओळख ना पाळख, अशा माणसाला जे दिसलं ते माझ्या अख्ख्या मंडळीला दोन वर्षांत दिसलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. मग वाटलं, दिसलं असेलही, बोलणार कोण?

शमुवेलभाऊंचं घर म्हणजे जुन्या लष्करी बराकीतली एक पडदे लावून केलेली दीड खोली. रात्रभर ते खोकत होते आणि मध्येच उठून मला झोप लागली का ते विचारत होते. सकाळी शेजारच्या सिंधी घरातून डाळ-पकवान आलं. कडक तळलेली पुरी आणि वर चण्याची घट्ट डाळ. ते खाताना शमुवेलभाऊ म्हणाले की त्यांनी शेवटच्या प्रभुभोजनापासूनचे आठवडे मोजले आहेत, सतरा झाले. डॉक्टरांनी छातीबद्दल जे सांगितलं होतं ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चांगली झाली प्रार्थना. शब्द कुठेही अडले नाहीत, आणि तेच मला खुपलं.

शुक्रवारी संध्याकाळी अंबरनाथला पोचलो. रूथबाई स्टेशनच्या पूर्वेला एका चाळीत राहत. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर दाई म्हणून काम केलेली, सत्तरीकडे झुकलेली, ठेंगणी बाई. हजारभर पोरं ह्या हातांनी बाहेर काढली, असं त्या हात पुढे करून दाखवत. मंडळी त्यांच्याच घरी भरत असे. त्या दिवशी पंधरा-सोळा घरची माणसं आली होती. "सलाम, पाळकसाहेब," म्हणत एकेक जण आत येत होता आणि भिंतीला टेकून बसत होता. शमुवेलभाऊही आले होते.

ती तयारीची सभा होती. रविवारी प्रभुभोजन, म्हणून त्याआधी प्रत्येकाने आपलं मन तपासायचं. तपासणी आपल्याकडेही होते, पण आपल्याकडे मी विचारतो आणि सगळे माना खाली घालतात. इथली रीत वेगळी. प्रार्थना झाल्यावर रूथबाईंनी दूध पावडरचा एक मोठा रिकामा डबा आणला आणि फिरवायला दिला. ज्याचं मन देवाशी आणि माणसांशी साफ असेल त्याने घरून आणलेलं मूठभर पीठ त्यात टाकायचं. ज्याच्या मनात कुणाबद्दल काही अडलेलं असेल त्याने डबा तसाच पुढे द्यायचा. कुणी कारण विचारायचं नाही. रविवारी सकाळी त्याच पिठाची भाकर भाजायची आणि तीच प्रभुभोजनाला मोडायची. पूर्वी एकदा दोन घरांचं भांडण होऊन मंडळी फुटायला आली होती, तेव्हापासून रूथबाईंनी हे सुरू केलं होतं.

डबा फिरू लागला. बहुतेकांनी पीठ टाकलं. एका तरण्या बाईने डबा हातात घेतला, थांबली आणि तसाच पुढे दिला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. रूथबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या वसंतची मूठ तीन वर्षांत आली नाही बघा. सभेला येतो, डबा पुढं देतो आणि रविवारी बाजूला बसून राहतो. आज तर आलाच नाही. मी काही विचारलं नाही. खोटी मूठ टाकत नाही, एवढं मात्र आहे."

डबा माझ्यापर्यंत आला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. त्याच्या तीन वर्षं आधी आमची आई वारली. एप्रिल महिना. वसंतला तार केली, त्याचा उलट निरोप आला, संध्याकाळी सातपर्यंत पोचतो, थांबा. मी थांबलो नाही. चार वाजता आईला माती दिली. तो बायको-मुलांना घेऊन आला तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. मी त्याला सांगितलं की उन्हाळा होता, गावात कुठे बर्फ मिळाला नाही, देह ठेवता येत नव्हता. हे खोटं होतं. बर्फाची लादी सकाळीच आली होती. देह रात्रीपर्यंत ठेवता आला असता. आईच्या आजारपणात सहा महिने मी एकट्याने केलं, वसंत दोनदाच येऊन गेला, तो राग माझ्या पोटात होता. त्या रागाला त्याला शेवटचं तोंड पाहू द्यायचं नव्हतं. वसंतने ऐकून घेतलं, कबरीवर जाऊन आला आणि चहाही न घेता परत गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

तर डबा माझ्या हातात होता आणि पंधरा घरची माणसं माझ्याकडे पाहत होती. पाळकाने डबा तसाच पुढे दिला तर काय होईल, याची कल्पना करा. मी फडक्याची गाठ सोडली आणि सुमनने दळून आणलेलं पीठ त्यात टाकलं. रूथबाईंनी झाकण लावलं आणि डबा कोनाड्यात ठेवला.

मी जेवलो, गप्पा मारल्या. शनिवारी सकाळी अंबरनाथचं जुनं शिवमंदिर पाहायला गेलो. काळ्या दगडातलं ते कोरीव काम पाहण्यासारखं आहे आणि वाचकांसाठी त्याचं दोन पानं वर्णन करायचं मी ठरवलं होतं. पण मला त्यातलं काही आठवत नाही. बाजूने वाहणाऱ्या वालधुनीचं पाणी कारखान्यांनी रंगवलेलं होतं, एवढंच आठवतं. काठावर उभा राहिलो आणि मला कळलं की मी उद्या ती भाकर हातात धरू शकणार नाही. आधी भावाकडे जाऊन समेट कर आणि मग वेदीकडे ये, ह्या वचनावर मी आजवर कितीतरी वेळा बोललो आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं आहे. स्टेशनवर गेलो आणि बदलापूरचं तिकीट काढलं.

वसंतची बायको शालिनी दारात मला पाहून क्षणभर गोंधळली, मग पदर सारखा करून पाया पडली. वसंतला सुट्टी होती, पण तो घरी नव्हता. बारवी धरणाच्या रस्त्याला एका गावात त्याने जमिनीचा तुकडा कसायला घेतला होता, भात निघाल्यावर तिथे वाल पेरला होता. सुट्टीचा दिवस तो तिथेच काढतो, असं तिने सांगितलं. जेवून जा म्हणाली. मी थांबलो नाही.

एका जीपमध्ये मागे उभा राहून गेलो. शहर संपलं आणि भाताची कापलेली खाचरं सुरू झाली. दोन्ही बाजूंना डोंगर, साग, मध्येच चार-पाच कौलारू घरं. हवा एकदम स्वच्छ होती. फाट्यावर उतरलो तेव्हा डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई भेटली. तिला वसंतचं विचारलं.

"त्यो कारखान्यातला वसंत?" ती म्हणाली. "त्यो बघा खाली वालात हाय. बांदाबांदानं जावा, चिखल हाय जरा."

चिखल जरा नव्हता. एका पायातली चप्पल त्यात राहिली. ती काढताना मी बसकण मारली आणि उठलो तेव्हा समोर वसंत उभा होता. हातात विळा. त्याचे केस पांढरे झाले होते. तीन वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. त्याने हात पुढे केला, मला वर ओढलं आणि चप्पल शोधून दिली. मग आम्ही बांधावर बसलो. त्याने पाण्याचा डबा पुढे केला.

मी ठरवलं होतं, आधी शालिनीची, मुलांची चौकशी करायची. पण तोंडातून एकदम तेच निघालं. मी म्हणालो, "वसंत, बर्फ मिळाला होता."

तो वालाच्या वेलांकडे पाहत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा अंगणात लाकडाचा भुसा पडला होता. ओला. बर्फाची लादी भुशात गुंडाळून येते, दादा. आमच्या कारखान्यात रोज लाद्या येतात, मी बघतो."

म्हणजे तीन वर्षं त्याला माहीत होतं.

"तू थांबला नाहीस त्याचा राग मी महिन्याभरात गिळला असता," तो म्हणाला. "माझंही चुकलं होतं. आईकडे यायला हवं होतं, आलो नाही. पण तू पाळक. माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललास. मी वाट बघत होतो, कधीतरी सांगशील."

मी त्याची माफी मागितली. उभ्या आयुष्यात माझी एकही प्रार्थना किंवा प्रवचन इतकं वाईट झालं नसेल, जेवढी ती माफी झाली. वाक्यं तुटत होती, मध्येच नाक वाहत होतं. वसंतने ऐकून घेतलं. मग तो उठला, वालाच्या शेंगा तोडू लागला आणि आपल्या पंच्यात भरल्या.

"आत्ता लगेच काही म्हणत नाही मी," गाठोडं माझ्या हातात देताना तो म्हणाला. "वेळ लागेल. तू आलास ते बरं केलंस."

त्याने मला फाट्यापर्यंत पोचवलं. उद्या येशील का, असं मी विचारलं नाही.

संध्याकाळी रूथबाई अंगणात केर काढत होत्या. मी वालाचं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. बर्फाचं, भुशाचं आणि शुक्रवारी मी टाकलेल्या मुठीचं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, कोनाड्यातला डबा काढला, झाकण उघडून आत पाहिलं.

"सगळं मिसळलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमचं कोणतं आणि शमुवेलचं कोणतं, कसं निवडायचं?"

मी म्हणालो, मी प्रभुभोजन घेणार नाही, नुसतं देईन. त्या म्हणाल्या, तसं आमच्यात होत नाही. पीठ एक, भाकर एक. मग म्हणाल्या, उद्या प्रभुभोजन नाही. आणि लोकांना कारण मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. रागावून नाही म्हणाल्या. बाळंतिणीला जोर लावायला सांगावं तसं म्हणाल्या.

रविवारी मी उभा राहिलो आणि सांगितलं. तयार केलेला उपदेश पिशवीतच राहिला. प्रभुभोजनासाठी काळ्या मनुका आधीच भिजवून केलेला रस झाकून ठेवलेला होता, तो तसाच राहिला. वसंत आला नव्हता. शालिनी आली होती, ती पदराने डोळे पुसत होती. उपासना संपल्यावर शमुवेलभाऊ माझ्यासमोर आले. एवढं चालल्यानेच त्यांना धाप लागली होती.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "सतरा आठवडे झाले हो."

बस, एवढंच. मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार? माझ्या एका मुठीने ह्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला होता आणि तो परत द्यायला मला जमत नव्हतं.

रूथबाईंनी डब्यातलं पीठ फुकट घालवलं नाही. त्याच्या पोळ्या केल्या, वालाच्या शेंगांची भाजी केली आणि सगळ्यांना पंगतीत बसवलं. हे प्रभुभोजन नाही, हे साधं जेवण आहे, असं त्यांनी दोनदा बजावलं. शुक्रवारी डबा पुढे देणारी ती तरणी बाईही जेवली. मलाही वाढलं. मी जेवलो. वालाला थोडा कडवटपणा होता, तो असतोच.

परतीच्या बसमध्ये मी झोपलो. खूप दिवसांनी अशी झोप लागली. घरी आल्यावर सुमनने पिशवी रिकामी केली, लाल डागांचे सदरे बाजूला टाकले आणि रिकामं फडकं हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. आपल्या मंडळीलाही सांगितलं. काहींना ते आवडलं नाही, पाळकाने असं बोलू नये असं त्यांचं म्हणणं पडलं. असेलही.

पुढच्या खेपेला तिकडे दुसरे पाळक गेले. त्यानंतर रूथबाईंचं पत्र आलं. शमुवेलभाऊ आता चालत येत नाहीत, त्यांना रिक्षातून आणलं, त्यांनी प्रभुभोजन घेतलं, समाधानी आहेत. शेवटी लिहिलं होतं की शुक्रवारी वसंत आला होता. डबा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने एक मूठ टाकली, मग पिशवीत हात घालून दुसरी टाकली. रूथबाईंनी विचारलं, ही कुणाची? तो म्हणाला, दादाची. 'असं नियमात बसत नाही,' त्यांनी लिहिलं होतं, 'ज्याची त्यानेच टाकावी लागते. पण मी झाकण लावून टाकले.'

थकवा अजून आहे. वयाचाही असेल. पहाटेच्या प्रार्थनेला बसतो तेव्हा मन आजही बाहेर जाऊ पाहतं. पण हल्ली बसायच्या आधी मी स्वयंपाकघरात जातो, पिठाच्या डब्यातलं मूठभर पीठ हातात घेतो आणि हे आज रूथबाईंच्या डब्यात टाकता येईल का, ते स्वतःला विचारतो. काही दिवशी येतं. काही दिवशी पीठ परत डब्यात ठेवावं लागतं. मग त्या दिवशी आधी कुणाकडे तरी जावं लागतं, आणि चप्पल मी स्वतःच घालतो.